पोटातील सोबती आणि पाकिटातील अन्न
(वार्षिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजाऱ्याच्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नये, ही आपली जुनी रीत. पूर्वी घरून डबा येत असे. आता पिशवीतून बहुधा बिस्किटांचा पुडा किंवा शीतपेयाची बाटली निघते. माया तीच आहे, पण पोटात जाणारी वस्तू बदलली आहे. त्याविषयी आज चार शब्द बोलावेत, अशी इच्छा आहे.

आपल्या मोठ्या आतड्यात लाखो कोटी जिवाणू वस्तीला असतात. भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतील जो तंतुमय भाग आपल्याला पचत नाही, तोच त्यांचा आहार. तो आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्ले निर्माण करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे पोषण मुख्यतः त्यावर होते आणि दाहही आटोक्यात राहतो. नामपूरच्या बाजार समितीत येणारा कांदासुद्धा या जिवाणूंचे आवडते खाद्य आहे. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधील संशोधकांना २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला जातीचे जिवाणू विपुल आढळले. धान्य व भाजीपाल्याच्या आहाराशी त्यांचा निकटचा संबंध मानला जातो.

मैदा, साखर, तेल, कृत्रिम स्वाद आणि तेल-पाणी एकजीव ठेवणारी द्रव्ये यांतून कारखान्यात घडवलेल्या पदार्थांना अतिप्रक्रियायुक्त अन्न म्हणतात. ब्राझीलचे डॉ. कार्लोस मोंतेरो यांनी २००९ साली या विचाराची मांडणी केली. अशा बहुतेक पदार्थांत तंतू नावापुरतेच असतात. उंदरांवरील प्रयोगात, तंतू मिळेनासे झाल्यावर जिवाणू आतड्याचे रक्षण करणारा श्लेष्मल थरच खाऊ लागल्याचे २०१६ मध्ये दिसून आले. अमेरिकेत २०१९ साली २० प्रौढांवर झालेल्या प्रयोगात, असे अन्न मिळाले तेव्हा माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले.

एखाद्या बिस्किटाने कोणी आजारी पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. चिंता आहे ती रोजच्या सवयीची. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्याची कारणे अनेक आहेत; परंतु आहार हे आपल्या हातातील कारण आहे.

रुग्णाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. प्रतिजैविके प्राण वाचवतात, मात्र रोगजंतूंबरोबर पोटातील हितकर जिवाणूंचाही काही अंशी नाश करतात. ती वस्ती पुन्हा बसायला योग्य अन्न हवे. म्हणून डॉक्टरांची अनुमती असेल तेव्हा मऊ भात-वरण, बाजरीची पातळ आंबील, ताजे ताक, शिजवलेली भाजी आणावी. शस्त्रक्रियेनंतर, तसेच मधुमेह वा मूत्रपिंडाच्या विकारात मात्र आधी विचारूनच द्यावे.

कांदा काढणीच्या दिवसांत भल्या पहाटे शेतावर निघणाऱ्या माउलीला पाच रुपयांचा पुडा सोयीचा वाटतो. तिला दोष देणे अन्यायाचे होईल. बाहेरगावाहून आलेल्या नातेवाइकांनाही चूल कोठून मिळणार? येथेच देणगीदारांची मदत मोलाची ठरेल. वाढदिवसाला, पुण्यतिथीला रुग्णालयांत फळे व बिस्किटे वाटण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. फळे अवश्य द्यावीत; बिस्किटांच्या खर्चातून मात्र रुग्णांसोबत राहणाऱ्यांना एक वेळची भाकरी, डाळ आणि ताक मिळावे, अशी माझी नम्र विनंती आहे. ज्यांच्या हातून रुग्णाला पुढे महिनोन्‌महिने जेवण मिळायचे, त्यांच्या ताटापासूनच पथ्याचा आरंभ झालेला बरा.

सर्व रुग्णांना लवकर आरोग्य लाभो, ही सदिच्छा.