‘सर्वसाधारणपणे’ या शब्दाची किंमत
(जयपूरच्या सिव्हिल लाइन्समधील भाषणाचा मजकूर)



राज्यपाल आणि मुख्यमंत्री याच सिव्हिल लाइन्समध्ये राहतात. सवाई मानसिंग रुग्णालयही याच शहरात आहे. तेथल्या निवासी डॉक्टरांचा मालक सरकारच आहे, म्हणून हे येथेच बोलले पाहिजे.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ५ जून १९९२ रोजी निवासी डॉक्टरांसाठीही तोच आकडा लिहिला: ४८ तास, सलग १२ हून अधिक नाही. परंतु ‘सर्वसाधारणपणे’! शिवाय कामाचा बोजा पाहून तास बदलण्याची मुभा वैद्यकीय अधीक्षकांना. सारी मेख येथे आहे. मर्यादा मोडणाऱ्याच्या हातीच तिची किल्ली दिली.

२०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने शिफारस केली ती ७४ तासांची. म्हणजे पिळवणूक कमी करण्याऐवजी मापच वाढविले.

आता सेवाभावाचा उपदेश ऐकविला जाईल. पण तिसाव्या तासाला औषधाची मात्रा लिहिणाऱ्या हाताची चूक भोगतो तो सरकारी खाटेवरचा गरीब रुग्ण. धनिकाला दुसरे दार उघडे असते. तेव्हा रुग्णाचे नातेवाईक हे आपले विरोधक नव्हेत, त्यांना सभेला बोलवा. परिचारिका आणि कंत्राटी सफाई कामगार यांनाही सोबत घ्या. त्या परिपत्रकात त्यांचा उल्लेखसुद्धा नाही. ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द काढा, रिक्त पदे भरा, मर्यादा मोडणाऱ्या अधिकाऱ्याला दंड करा, एवढे निवेदनात लिहा आणि सह्या घेण्यास वॉर्डापासून सुरुवात करा.