परमुलखात बेत मोडतो तेव्हा

मराठीत आवडीने वाचल्या जाणाऱ्या प्रवासवर्णनांपैकी एक मुळी मोडलेल्या बेताचेच वर्णन आहे. वरसईचे विष्णुभटजी गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले, ते काही बंड पाहावे म्हणून नव्हे. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, एवढाच त्यांचा हिशेब होता. पुढे बंडाने त्यांना वाटेतच गाठले, झाशीच्या वेढ्यात ते सापडले, मिळवलेले द्रव्य लुटले गेले. परंतु आईवडिलांस गंगाजलाने स्नान घालावे ही जी एक इच्छा त्यांनी मनाशी धरली होती, ती त्यांनी सोडली नाही. गंगेची कावड घेऊनच ते घरी परतले. ही हकीकत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून मराठी वाचक ती वाचीत आला आहे.

गोडसे भटजींच्या वेळी नर्मदेपलीकडे गेले की परमुलूख सुरू होई. आज आपला परमुलूख समुद्रापलीकडे आहे, आणि तेथे जाणारी मंडळीही बदलली आहेत. पूर्वी विलायतेस जाणारा मनुष्य बहुधा एकटा असे. शिकायला किंवा कामाला जाई. आता आजोबा-आजी, मुलगा-सून, नातवंडे असे सबंध घरच कुलूप लावून निघते. एकट्याचा बेत मोडला तर तो बाकावर पथारी टाकून रात्र काढतो. घरादाराचा बेत मोडतो तेव्हा काय करावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्यासाठी आमच्या लासलगावच्या एका कुटुंबाची हकीकत सांगतो. ती मी त्यांच्याच ओटीवर बसून ऐकली आहे.

लासलगाव हे कांद्याचे गाव, हे आपणांस ठाऊक आहेच. या घरचा व्यवसायही कांद्याचाच. २०२४ सालचा गुढीपाडवा ९ एप्रिलला होता. पाडवा घरी करून सहा जण दुबईस निघाले : आजोबा, आजी, मुलगा, सून, चौदा वर्षांची नात आणि नऊ वर्षांचा नातू. पाच दिवसांचा बेत तासातासाने आखलेला होता. ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा झाला, वाळवंटातील सफर झाली, मोठमोठी दुकाने झाली. आजीची मागणी मात्र एकच होती. अबू धाबीस नवे मंदिर झाले आहे, १४ फेब्रुवारीला त्याचे उद्घाटन झाले, तेवढे मला दाखवा. सोमवारी ते मंदिर बंद असते, म्हणून ते शेवटच्या दिवशी, मंगळवारी १६ तारखेस ठेवले होते. सकाळी दर्शन, रात्री विमान, असा हिशेब होता.

त्याच मंगळवारी पाऊस आला. संयुक्त अरब अमिरातीत १९४९ पासून पावसाची नोंद ठेवली जाते. त्या पाऊणशे वर्षांत असा पाऊस झाला नव्हता. अल ऐन भागात एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटरहून अधिक पाणी पडले. आपल्या कोकणास याचे नवल वाटणार नाही. पण जेथे वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथे रस्त्याच्या कडेला गटार तरी कशाला कोण बांधील? मोठमोठे रस्ते जलमय झाले, विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी साचले, आणि दोन दिवसांत तेथील बाराशेहून अधिक उड्डाणे रद्द झाली. आजीचे मंदिर राहिलेच. मंडळी कशीबशी विमानतळावर पोहोचली, सामान स्वाधीन केले, आणि मग विमान आधी लांबले व नंतर रद्द झाले. सामान आत, माणसे बाहेर, अशी अवस्था झाली. त्या दिवसांत एकट्या एका कंपनीकडे सुमारे तीस हजार बॅगा मागे पडल्या होत्या, असे त्या कंपनीनेच पुढे सांगितले. तेव्हा आपली बॅग कोठे आहे हे विचारण्यातही अर्थ नव्हता.

आजोबांना मधुमेह. इन्सुलिनची पिशवी सुनेने आपल्या हातातच ठेवली होती, आणि तिच्याबरोबर डॉक्टरांची चिठ्ठीही होती. श्रोतेहो, ही गोष्ट क्षुल्लक मानू नका. विमानाच्या पोटातील सामानात इन्सुलिन गोठून निकामी होण्याची भीती असते. आणि परदेशात पुष्कळ ठिकाणी चिठ्ठीवाचून औषध बाळगणेही अडचणीचे ठरते. आजोबांची ती रात्र फरशीवर गेली खरी, पण धोक्याची गेली नाही. याचे सारे श्रेय त्या वीतभर पिशवीला आहे.

खरी परीक्षा पुढेच होती. दोन दिवसांनी खिडकीवरचा मनुष्य म्हणाला, “चार जागा उद्या आहेत, दोन आणखी दोन दिवसांनी. घेता की सोडता?” मुलगा म्हणाला, आपण सारे एकत्रच जाऊ, थांबू. सून म्हणाली, दादांचे औषध किती दिवस पुरेल ते आधी पाहू. नातू रडकुंडीला आला होता. खिडकीमागची रांग खोळंबली होती. तेव्हा आजी म्हणाल्या, “अरे, आपण एका ताटात जेवतो, म्हणून एकाच विमानात बसले पाहिजे असे कोठे आहे?”

या एका वाक्याने तिढा सुटला. परंतु घर दोन ठिकाणी विभागायचे म्हणजे काय काय विभागावे लागते, ते पाहा. सहाही पासपोर्ट मुलाच्या कमरेच्या एकाच थैलीत होते. पैशाचे कार्ड एकच चालत होते. इंग्रजीत खटका उडाला तर बोलणारे दोघेच, मुलगा आणि सून. म्हणून वाटणी अशी झाली : आजोबा, आजी आणि नातू यांच्याबरोबर सून जाईल, औषधे तिच्याजवळ आणि रोख रक्कम आजींच्या बटव्यात. मुलगा आणि नात मागे राहतील; कार्ड त्यांच्याजवळ. प्रत्येक तुकडीत बोलणारा एक, पैसे बाळगणारा एक, आणि ज्याचे त्याचे पासपोर्ट ज्याच्या त्याच्याजवळ. चौघे मुंबईस उतरले, तेथून पंचवटीने निघून रात्री लासलगावास घरी पोहोचले.

आता मागे राहिलेल्या दोघांचे ऐका. दोन दिवस हाती होते आणि पाहण्यासारखे म्हणून यादीत काहीच उरले नव्हते. बापलेक खाडीवर गेली. एक दिरहॅम देऊन लाकडी होडीने, ज्यांना तेथे अब्रा म्हणतात, पलीकडे देऱ्यास उतरली, आणि पाय नेतील तशी भाजीबाजारात शिरली. बापाने सवयीने कांद्याच्या ढिगात हात घातला. कांदा परदेशचा होता, पण आपल्याकडचा नव्हता. आणि भाव लासलगावच्या लिलावाच्या कितीतरी पट. मुलीने विचारले, “बाबा, आपला कांदा कुठे आहे?”

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी खरोखर मोठे होते. हिंदुस्थान सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली होती. ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. मध्यंतरी मित्रदेशांना ठराविक कोटा देण्यात आला. मार्चमध्ये अमिरातीसाठी १४,४०० टनांची परवानगी निघाली, पण ती सरकारी सहकारी संस्थेमार्फत. म्हणजे समुद्रापलीकडे भाव चढलेला आणि लासलगावच्या आवारात भाव पडलेला, अशी ती वेळ. बापाने हे सारे त्या बाजारात उभे राहून मुलीला समजावले. घरी पिढ्यानपिढ्या कांदाच चालतो, पण कांदा म्हणजे काय हे आपल्याला दुबईत कळले, असे ती मुलगी म्हणते. पाच दिवसांच्या आखीव यादीत हे स्थळ नव्हते. ते पाहायला मिळाले, कारण यादी संपली होती.

यावर कोणी म्हणेल, मग बेत आखूच नये. तसे नाही. मी म्हणतो ते एवढेच, की बेत वेगळा आणि हेतू वेगळा. बेत वेळापत्रकात लिहिलेला असतो, हेतू माणसाच्या मनात असतो. पाऊस, वादळ, दंगा, युद्ध यांची सत्ता वेळापत्रकावर चालते. गोडसे भटजींचा यज्ञ गेला, द्रव्य गेले, पण गंगेची कावड राहिली. कारण कशासाठी निघालो यातले काय सोडायचे नाही, हे त्यांना ठाऊक होते. या दृष्टीने पाहता लासलगावच्या त्या घरात खरा तोटा एकाच व्यक्तीचा झाला, आजींचा. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती आणि ती शेवटच्या दिवशी ठेवली गेली. उंच इमारत चार दिवस कोठे पळून जात नव्हती. तेव्हा निघण्यापूर्वी घरातील प्रत्येकाला, विशेषतः जी माणसे फारसे मागत नाहीत त्यांना, विचारावे : तुम्हाला कोणती एक गोष्ट हवी? आणि त्या गोष्टी पहिल्या दिवसांत उरकाव्यात.

आपल्या हक्काची माहिती असणेही तितकेच जरूर आहे, कारण अडकलेला मनुष्य एकतर नको तेवढा नमतो, नाहीतर नको तेवढा भांडतो. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीची राख युरोपच्या आकाशात पसरली. सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली आणि सुमारे एक कोटी प्रवासी अडकले. युरोपातील २००४ च्या कायद्याप्रमाणे अशा नैसर्गिक आपत्तीत नुकसानभरपाई मिळत नाही. परंतु प्रवाशाला जेवण आणि निवारा देणे कंपनीस चुकत नाही. राखेच्या दिवसांतील एका खटल्यात युरोपीय न्यायालयाने ३१ जानेवारी २०१३ रोजी स्पष्ट निर्णय दिला, की आपत्ती कितीही मोठी असली आणि कितीही दिवस चालली, तरी ही जबाबदारी टळत नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसाची मुदत प्रवाशाच्या हाताबाहेरील कारणाने संपत असेल, तर ती विनाशुल्क वाढवून देण्याची तरतूदही तेथील नियमांत आहे. मात्र मुदत संपण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. सर्व देशांत असे नियम नाहीत. म्हणून ज्या देशी जायचे तेथील नियम, प्रवासाचा विमा आणि आपल्या वकिलातीचा दूरध्वनी क्रमांक, ही तीन कागदावर लिहून प्रत्येक मोठ्या माणसाजवळ असावीत. फोनची बॅटरी संपली की फोनातील माहितीही संपते. खर्चाची प्रत्येक पावती जपावी. पावतीवाचून हक्काचे पैसेही मागता येत नाहीत.

शेवटी आमच्या गावचीच एक रीत सांगतो. उन्हाळ कांदा आम्ही चाळीत साठवतो. चाळीची जमीन उचललेली असते, बाजूंना फटी ठेवलेल्या असतात, आणि थर बेताच्या रुंदी-उंचीचा असतो. ठासून भरली तर चाळीत माल जास्त बसतो खरा, पण हवा खेळत नाही आणि आतला कांदा सडू लागतो. नवखा मनुष्य त्या फटींकडे पाहून म्हणतो, एवढी जागा फुकट का घालवली? जाणता शेतकरी जाणतो, की त्या फटींवरच बाकीचा माल टिकतो. सहा जणांच्या परदेशप्रवासातही अशी एक फट असू द्यावी. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी काहीही आखू नये, आणि घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी लग्नकार्य, परीक्षा किंवा कचेरी ठेवू नये. तो दिवस मोकळा गेला तर सगळे घर विसावेल. आणि बेत मोडला तर तोच दिवस उपयोगी पडेल.

जाता जाता एवढे सांगितले पाहिजे, की आजींचे मंदिर अजून राहिलेले आहे. पुढच्या खेपेचा बेत त्या घरात चालू आहे, आणि या वेळी कागदावर पहिली ओळ नातीने लिहिली आहे : पहिला दिवस, अबू धाबी.