संधिवात आणि कुंपणावरची कळलावी

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



वनौषधींचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सांधे धरलेत, कुठला पाला सांगा." निर्गुडीच्या पाल्याचा शेक आपल्याला घरातील वडीलधाऱ्यांनी शिकवलेला आहे. कातडी भाजणार नाही एवढे पाहिले तर त्यात फारसा धोका नाही. आज मात्र मी अशा वेलीबद्दल बोलणार आहे, जिच्यातील द्रव्य सांधेदुखीच्या एका प्रकारावर खरेच गुणकारी आहे, आणि जिचा कंद घरी उगाळून घेतला तर जीव जाऊ शकतो.

ही वेल म्हणजे कळलावी. कोणी खड्यानाग म्हणतात, कोणी अग्निशिखा. पावसाळ्यात कुंपणावर चढते, पानाचे टोक तणाव्यासारखे वळते, फूल पिवळे-तांबडे. कोकणात गौरीच्या पूजेत हे फूल 'गौरीचे हात' म्हणून मानाने ठेवतात. कंद नांगरासारखा दुफाटी, म्हणून संस्कृतात नाव लांगली.

हिच्या बियांत व कंदात कोल्चिसीन असते. हे द्रव्य 1820 साली फ्रान्समध्ये दुसऱ्याच एका कंदवर्गीय वनस्पतीतून वेगळे केले गेले. (बिनबियांचे कलिंगड तयार करताना रंगसूत्रे दुप्पट करण्यासाठी वापरतात ते हेच!) रक्तातील युरिक आम्लाचे खडे सांध्यात साचून पायाचा अंगठा रातोरात सुजतो, त्या वातरक्तात हे औषध उपयोगी पडते. सुजेकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशींना ते अडवते. गुडघ्याची झीज झाली असेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणून दुखणे कोणते, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

डॉक्टर देतात ती गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. मूत्रपिंड अधू असेल तर तीही जपून. कंदात द्रव्य किती, हे जमीन, हंगाम आणि कंदाचे वय यांवर बदलते; डोळ्यांनी ते मोजता येत नाही. श्रीलंकेत रताळे वा सुरण समजून हा कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. विषबाधेची लक्षणे काही तासांनी दिसतात. उलट्या-जुलाब सुरू होतात, माणूस वाचलाच तर पुढे केस गळतात. चुकून पोटात गेल्यास त्रास होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा, कंदाचा तुकडा सोबत न्यावा.

आता लागवडीचे. तामिळनाडूत दिंडीगल, करूर भागांत शेतकरी बियांसाठी हे पीक घेतात. निचऱ्याची हलकी ते मध्यम जमीन लागते, वेलीला आधार लागतो. कंदाच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो. तो मोडला की तो फाटा उगवत नाही, म्हणून कंद काढणीपासूनच हळुवार हाताळावेत. फुलातील स्त्रीकेसर परागकोशांपासून दूर वळलेला असल्याने सकाळी हाताने परागीकरण करावे लागते. मजुरी वाढते ती इथेच. खरेदीदार मोजके आणि भावात चढउतार मोठा, त्यामुळे विक्रीचे लेखी बोलणे झाल्याशिवाय लावू नये. जंगलातून कंद खणून आणू नयेत. हाताळताना हातमोजे घालावेत. बी आणि कंद धान्याच्या खोलीत न ठेवता वेगळ्या कुलुपात ठेवावेत, पोत्यावर 'विषारी' असे ठळक लिहावे, आणि ज्या बांधावर मुले-जनावरे फिरतात तिथे ही वेल राखू नये.