लेखी परीक्षेत न लिहिणारे

सन्माननीय प्राचार्य, प्राध्यापक मंडळी आणि लवकर निसटता यावं म्हणून दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेल्या विद्यार्थ्यांनो,

पोलीस भरतीची तयारी महाविद्यालयांनी कशी करून घ्यावी, यावर ही परिषद आहे. तिचं अध्यक्षपद तुम्ही एका निवृत्त तपासी अंमलदाराला दिलंत. या अंमलदाराने लिहिलेला पंचनामा एकदा भर कोर्टात फाटला होता, हे तुम्हाला ठाऊक नसावं. आज तेच सांगणार आहे.

आधी भरतीचं. शिपाईपदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मग ९० मिनिटांची, १०० गुणांची लेखी परीक्षा: अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण. नाव लेखी, पण उमेदवार तिच्यात एक वाक्यही लिहीत नाही. गोल काळे करतो. समासाचा प्रकार ओळखतो आणि पुढे जातो. तोच मुलगा ठाण्यात रुजू झाला की निवृत्तीपर्यंत त्याची लिहिण्यातून सुटका नाही. फिर्याद, जबाब, पंचनामा, स्टेशन डायरी, सगळं कागदावर.

पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या पोरांना मी हसत नाही. मीही तसाच धावलो. पण धावण्यासाठी गावोगाव अकादम्या आहेत. ते काम महाविद्यालयाने पुन्हा का करावं?

आता तो पंचनामा. घरफोडीचा गुन्हा होता. मी नवा, हात सराईत होऊ लागलेला. लिहिलं, ‘दरवाजाचा कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केल्याचे दिसून येते.’ आमच्याकडे घरफोडी म्हटली की हे वाक्य लेखणीतून आपोआप उतरतं. वर्तमानपत्रांतही तुम्ही ते हजारदा वाचलं असेल. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांनी घराचा फोटो पुढे केला. दाराला लॅच होतं. कडी नव्हती, कोयंडा नव्हता. वकील आवाजही न चढवता म्हणाले, ‘साहेब, जे नव्हतंच ते तुटलं कसं?’ मी त्या दारासमोर तासभर उभा होतो, पण दार पाहिलंच नव्हतं. आरोपी सुटला.

दुसरी चूक ऐकण्याची. एका म्हातारीने सांगितलं, माझं डोरलं नेलं. मी टिपलं, ‘सोन्याचे मंगळसूत्र’. माल सापडला, ओळखायची वेळ आली, तेव्हा ती कागदावरच्या शब्दावर अडून बसली. मंगळसूत्र तिचं नव्हतंच म्हणे. तिचा शब्द नेमका होता, माझा फक्त शुद्ध होता.

म्हणून माझं मागणं मराठीच्या, समाजशास्त्राच्या प्राध्यापकांकडे आहे, क्रीडाशिक्षकांकडे नाही. तुमच्या वर्गात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणारी मुलं बसतात. एकाने आपल्या आजीची तक्रार तिच्याच शब्दांत लिहावी, दुसऱ्याने ती वाचून काय हरवलं, कधी, कोणासमोर, ते सांगावं. एकाने कँटीनचं वर्णन करावं, दुसऱ्याने तिथे न जाता त्यावरून नकाशा काढावा. टेबल चुकीच्या भिंतीला लागलं की वर्णन करणाऱ्याला आपली चूक उमगते. याला ना मैदान लागतं, ना अनुदान. ‘सदर इसम’, ‘नमूद’, ‘मजकूर’ हे शब्द नोकरीत पहिल्या महिन्यात येतात. ते वर्गात शिकवू नका, हात जोडून सांगतो.

मुलं मला विचारतात, सर, आता तर व्हिडिओ असतो. खरं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. पण मोबाइल कुठल्या दाराकडे वळवायचा, हे मोबाइल सांगत नाही. मी त्या दिवशी चित्रण केलं असतं तर लॅच दिसलं असतं आणि खाली कागदावर कडीकोयंडाही राहिला असता. वकिलांना फोटो आणायचेही कष्ट पडले नसते.

हे काम नोकरीतल्या प्रशिक्षणाचं, असंही कोणी म्हणेल. १९०६ साली भांबुर्ड्यात सुरू होऊन १९०९ मध्ये नाशिकला गेलेली आपली पोलीस प्रशिक्षणाची शाळा शंभरी ओलांडून उभी आहे. पोलीस प्रशिक्षणावर १९७१ साली नेमलेल्या केंद्रीय समितीचं अध्यक्षपद मात्र कोणा पोलीस अधिकाऱ्याकडे नव्हतं. ते होतं मा. स. गोरे यांच्याकडे, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्राध्यापकाकडे. कवायतीपलीकडचं काही शिकवायचं तर प्राध्यापक लागतो, एवढं तेव्हाच्या सरकारला कळलं होतं. शिवाय प्रशिक्षण केंद्रात पोचतात ती निवडलेली मुलं. बाकीची, आणि तीच जास्त, तुमच्याकडे पदवी घेऊन बाहेर पडतात. अर्ज, निवेदन, तक्रार त्यांनाही लिहावी लागते, कधीकधी आमच्याच ठाण्यात येऊन.

जेवणाआधी एक काम करा. आपण सगळे ज्या दारातून आत आलात, त्याला कडी आहे, लॅच आहे की दोन्ही, ते मागे न पाहता लिहा. कोरे कागद नावनोंदणीच्या टेबलावर ठेवले आहेत. दाराजवळ बसलेल्या विद्यार्थ्यांना यातून सूट नाही.