हौशी रेडिओची नोंदवही आणि बदलते संकेत

हौशी रेडिओ-चालकाच्या टेबलावर तीन वस्तू हमखास असतात: संदेश पाठविणारे व घेणारे यंत्र, जागतिक वेळ दाखविणारे घड्याळ आणि नोंदवही. पहिल्या दोन वस्तूंकडे पाहुण्याचे लक्ष चटकन जाते. तिसरीकडे सहसा जात नाही. वस्तुतः या छंदाचा सारा विश्वास तिच्यावरच उभा आहे. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या लहरीवर, कोणत्या कॉलसाइनच्या चालकाशी बोलणे झाले आणि त्याचा आवाज कितपत स्पष्ट आला, एवढे मोजके तपशील एका ओळीत लिहिलेले असतात. समुद्रापलीकडच्या दुसऱ्या चालकानेही आपल्या वहीत तीच ओळ लिहिलेली असते. या दोन ओळी एकमेकींशी जुळल्या म्हणजे संभाषण खरोखर घडले, असे जगभरची हौशी मंडळी मानतात.

या छंदात द्रव्यप्राप्ती नाही. किंबहुना मोबदला घेण्यास नियमांचीच मनाई आहे. मग मध्यरात्री कानाला श्रवणयंत्र लावून बसण्याचे आकर्षण कोणते? एक आकर्षण प्रमाणपत्रांचे. १९३५ साली क्लिंटन डीसोटो यांनी अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या मासिकात एक लेख लिहून देश कसे मोजावेत हा प्रश्न मांडला. भूगोलाने वा राज्यव्यवस्थेने वेगळा असलेला प्रत्येक प्रदेश एक देश धरावा, असा त्यांचा विचार होता. त्यातून १९३७ मध्ये शंभर देशांशी संपर्क साधणाऱ्यांसाठी ‘डीएक्ससीसी’ हा सन्मान सुरू झाला. १९६४ साली इंग्लंडमधील जेफ वॉट्स यांनी बेटांसाठी अशीच योजना काढली. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये पर्वतशिखरांची योजना निघाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या शताब्दीनिमित्त २०१६ साली उद्यानांतून संदेश पाठविण्याचा वर्षभराचा उपक्रम झाला आणि त्याच्या पाठोपाठ ‘पार्क्स ऑन द एअर’, संक्षेपाने ‘पोटा’, हा कायमचा उपक्रम उभा राहिला. चालकाने उद्यानात जावे, तात्पुरती तार झाडाला बांधावी आणि जागतिक वेळेच्या एका दिवसात निदान दहा संभाषणे पुरी करावीत, म्हणजे त्या उद्यानाचे प्रक्षेपण सफल झाले, असा त्याचा नियम आहे.

बेटे, शिखरे, उद्याने यांची नावे भाषेगणिक बदलतात आणि एकाच नावाची स्थळेही अनेक असतात. म्हणून प्रत्येक स्थळाला एक संकेत दिलेला असतो. बेटांच्या यादीत अंदमान म्हणजे एएस-००१ आणि लक्षद्वीप म्हणजे एएस-०११. शिखरांच्या यादीत इंग्लंडचे सर्वोच्च शिखर स्काफेल पाइक हे जी/एलडी-००१. उद्यानांच्या यादीत अमेरिकेतील मेन राज्यातले अकेडिया राष्ट्रीय उद्यान पूर्वी के-०००१ होते. ही अक्षरे सांगितली, समोरच्याने लिहून घेतली, की स्थळाविषयी शंका उरत नाही.

परंतु संकेतही अढळ नसतात. मार्च २०२४ मध्ये ‘पोटा’च्या चालकांनी साऱ्या जगातील उद्यानांच्या संकेतांचा आरंभ बदलला. तोवर कॉलसाइनची आद्याक्षरे संकेताच्या आरंभी असत. त्यांच्या जागी आंतरराष्ट्रीय मानकातील दोन अक्षरी देशचिन्हे आली. अमेरिकेचे ‘के’ जाऊन ‘यूएस’ आले आणि अकेडिया यूएस-०००१ झाले. स्पेनचे ‘ईए’ जाऊन ‘ईएस’ आले, ब्राझीलचे ‘पीवाय’ जाऊन ‘बीआर’ आले, भारताचे ‘व्हीयू’ जाऊन ‘आयएन’ आले. उपक्रमाच्या मध्यवर्ती दप्तरातील फेरफार त्याच्या चालकांनी केला. पण घरोघरच्या संगणकांतील नोंदवह्यांचे काय? तो भार ज्याच्या त्याच्यावर पडला.

येथे एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. नोंदणीच्या सॉफ्टवेअरमध्ये संकेत दोन ठिकाणी वसत असतात. एक, संदर्भ-यादीत; म्हणजे कोणता संकेत कोणत्या उद्यानाचा, हे सांगणाऱ्या कोष्टकात. दुसरे, प्रत्यक्ष नोंदींत. नवी यादी उतरवून घेतली म्हणजे पुढच्या नोंदींना नवे संकेत मिळतात; मागच्या नोंदी तेवढ्याने आपोआप बदलत नाहीत. त्यांत ‘के-०००१’ तसाच राहतो आणि नवी यादी त्याला ओळखत नाही. बेरीज करताना एकच उद्यान दोनदा मोजले जाते किंवा मुळीच मोजले जात नाही.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे सगळीकडे ‘के-’ शोधून ‘यूएस-’ घालणे. हा उपाय जितका सोपा तितकाच घातक आहे. झेक प्रजासत्ताकातील उद्यानांचा जुना संकेत ‘ओके-’ असा होता. त्याच्या पोटातही ‘के-’ आहेच. आंधळ्या बदलाने त्याचे ‘ओयूएस-’ होईल आणि असा देश कोणत्याही नकाशात सापडणार नाही. म्हणून बदल संकेताच्या आरंभापासून, अक्षरशः जुळवूनच केला पाहिजे.

दुसरा धोका क्रमाचा. स्पेनचा ‘ईए’ बदलून ‘ईएस’ करावयाचा आणि एस्टोनियाचा जुना ‘ईएस’ बदलून ‘ईई’ करावयाचा. ज्याने स्पेन आधी बदलला आणि मग एस्टोनिया, त्याची स्पेनमधील सर्व उद्याने क्षणार्धात बाल्टिक समुद्राच्या किनारी जाऊन बसतील. आधी एस्टोनिया, मग स्पेन, हा क्रम हवा; किंवा जुन्या-नव्याचे पूर्ण कोष्टक करून प्रत्येक नोंद एकदाच बदलली पाहिजे. ब्राझीलचीही तीच गत: त्याचा जुना ‘पीवाय’ आता मानकाप्रमाणे पॅराग्वेचे चिन्ह आहे.

तिसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदींची देवघेव व्हावी म्हणून १९९६ पासून ‘एडीआयएफ’ नावाची एक सर्वमान्य मांडणी प्रचारात आहे. तिच्यात प्रत्येक रकान्याच्या नावापुढे त्यातील मजकूर किती अक्षरांचा आहे तो आकडा लिहिलेला असतो. ‘के-०००१’ हा संकेत मूळ रोमन लिपीत सहा चिन्हांचा. नवा सात चिन्हांचा. फाईल उघडून हाताने संकेत बदलला आणि मागचा ‘सहा’ हा आकडा तसाच ठेवला, तर वाचणारे यंत्र सहा चिन्हे घेऊन थांबेल आणि शेवटचा अंक गळून पडेल. शिवाय उद्यानाचा संकेत एकाच रकान्यात असतो असेही नाही. जुन्या नोंदींत तो ‘विशेष उपक्रम’ या सामान्य रकान्यात असतो, नव्यांत ‘पोटा’च्या स्वतंत्र रकान्यात, आणि दोन उद्यानांच्या सामाईक जागेतून बोलणाऱ्याच्या नोंदीत दोन संकेत स्वल्पविरामाने जोडलेले असतात.

हे झाले नामांतर. स्थळ तेच, नाव नवे. तेव्हा जुन्याच्या जागी नवे घालण्यात सत्याला बाध येत नाही. पण काही बदल केवळ नावाचे नसतात. शिखरांच्या यादीत प्रत्येक शिखरापुढे ते केव्हापासून केव्हापर्यंत ग्राह्य, याच्या तारखा असतात. ब्रिटनमध्ये भोवतालच्या भूमीपासून निदान दीडशे मीटर उठाव असलेलेच शिखर धरले जाते. नव्या मोजणीत उठाव कमी भरला की ते वगळले जाते. पण वगळण्यापूर्वी जो तेथे चढून गेला, त्याचा चढ खोटा ठरत नाही. त्याची नोंद जुन्या संकेतानेच राहते.

या भेदाचे सर्वांत बोलके उदाहरण गोमंतकाचे आहे. पोर्तुगीज अमलात गोव्याहून निघणाऱ्या कॉलसाइनचा आरंभ ‘सीआर८’ असा होई आणि डीएक्ससीसीच्या यादीत गोवा हा स्वतंत्र प्रदेश मोजला जाई. दमण व दीव यांची गणना वेगळी. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. त्या यादीत ३१ डिसेंबर १९६१ पर्यंतची संभाषणे गोव्याच्या नावे ग्राह्य आहेत. नंतरची भारताच्या नावे. फ्रेंच भारताची रेषा ३१ ऑक्टोबर १९५४ रोजी ओढली गेली. हे प्रदेश यादीतून पुसलेले नाहीत. ‘वगळलेले’ अशा शीर्षकाखाली ते जपून ठेवले आहेत.

आता कोणा जुन्या चालकाची कागदी वही त्याच्या नातवाने संगणकात उतरविण्यास घेतली आहे, असे समजावे. वहीत १९५८ सालची ‘सीआर८’ची एक ओळ आहे. आजचा नकाशा पाहून त्याने तेथे ‘भारत’ लिहिले, तर आजोबांनी न केलेले संभाषण त्यांच्या नावावर जमा होते आणि केलेले हरवते. तारीख न पाहता केवळ अक्षरांवर विसंबले तरी भागणार नाही, कारण हीच ‘सीआर८’ अक्षरे पुढे पोर्तुगीज तिमोरहूनही वापरली गेली. ‘व्हीयू’ची गोष्ट तशीच. कॉलसाइनमध्ये ती अक्षरे आजही भारताची; मार्च २०२४ पूर्वीच्या उद्यान-संकेतातही भारताचीच; परंतु आजच्या उद्यान-संकेतात, मानकाप्रमाणे, ती पॅसिफिक महासागरातील वानुआतूची. अक्षरे तीच, अर्थ तीन ठिकाणी तपासावा लागतो. संकेताला अर्थ देते ती शेजारची तारीख.

म्हणून जाणकार चालक काही पथ्ये पाळतात. फेरफारापूर्वी संपूर्ण नोंदवहीची प्रत काढून ती वेगळ्या जागी ठेवावी. बदल नामांतराचा आहे की स्थळच यादीतून गेले आहे, हे आधी ठरवावे. नामांतर असेल तर कोष्टकानुसार ठरलेल्या रकान्यांतच बदल करावा आणि जुना संकेत शेऱ्याच्या रकान्यात राहू द्यावा. स्थळ वगळले गेले असेल तर जुन्या नोंदीला हात लावू नये. बदलापूर्वी व बदलानंतर नोंदींची संख्या, उद्यानांची संख्या आणि देशवार बेरीज ताडून पाहावी. नामांतराने यांपैकी एकही आकडा हलता कामा नये. हलला, तर जपून ठेवलेली प्रत उघडून पुन्हा आरंभ करावा.

डीएक्ससीसीच्या यादीने एक शहाणपण फार पूर्वी दाखविले आहे. तिच्यात प्रत्येक प्रदेशाला निव्वळ एक क्रमांक आहे, भारताचा ३२४. २०१८ मध्ये स्वाझीलंडचे एस्वातिनी झाले, तरी क्रमांक बदलला नाही. ज्या चिन्हात अर्थ भरलेला असतो ते अर्थाबरोबर बदलते. ज्यात काहीच भरलेले नसते ते टिकते. तथापि माणसाला तोंडी सांगण्यास, ऐकून लिहिण्यास अर्थपूर्ण संकेतच सोयीचे पडतात. तेव्हा ते बदलत राहणार आणि नोंदवह्या दुरुस्त कराव्या लागणार, हे गृहीतच धरले पाहिजे.

काही मिनिटांच्या या किरकोळ वाटणाऱ्या कामात फक्त आपलाच हिशेब गुंतलेला नसतो, हे मात्र विसरता कामा नये. प्रत्येक ओळीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चालक आहे. त्याच्या वहीतील ओळ या ओळीशी जुळावयाची आहे. त्याची कदाचित पुन्हा कधी गाठ पडणार नाही, कदाचित तो आज हयातही नसेल. त्याने दिलेली साक्ष होती तशी जपणे हे नोंद ठेवणाऱ्याचे कर्तव्य आहे. नवे नाव जरूर लिहावे. पण त्या दिवशी, त्या वेळी, त्या स्थळाशी जे बोलणे झाले ते पुसून लिहू नये.