नव्या गाडीतले दोष आणि ग्राहकाचा कायदा



पाडवा, अक्षय तृतीया आणि दसऱ्याला शोरूमच्या दारात नव्या गाड्यांची रांग लागते. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, पेढे. बहुतेकांची ही घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी, आणि तीही पाच-सात वर्षांच्या हप्त्यांवर. ती गाडी पहिल्याच महिन्यात त्रास द्यायला लागली की माणूस खचून जातो. हप्ता वेळेवर कापला जातो आणि गाडी वर्कशॉपमध्ये उभी. अशा वेळी कायदा आपल्या पाठीशी कितपत उभा राहतो आणि त्यासाठी आपण काय करायचं, हे आज सांगणार आहे.

आधी दोषांविषयी. आजच्या गाडीत तक्रारी जास्त येतात त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या. स्क्रीन मध्येच काळी पडते, रिव्हर्स कॅमेरा बंद होतो, एखादा सेन्सर काही नसताना दिवा लावतो, दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. ड्युअल क्लचची गाडी हिंजवडीच्या किंवा घोडबंदर रोडच्या कोंडीत तासभर रांगत राहिली, तर क्लच तापून हिसके देऊ शकते. बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. त्यातली काजळी जळून जायला गाडी मधूनमधून काही वेळ सलग, चांगल्या वेगाने पळावी लागते. रोज घर ते बाजार एवढीच फेरी असेल, तर तो तुंबतो आणि गाडीची ओढ जाते. मग वर्कशॉपवाले म्हणतात, हा वापराचा दोष. माझं म्हणणं असं, की ग्राहकाची रोजची धाव किती, हे विकतानाच विचारायला हवं आणि डिझेल त्याच्या उपयोगाचं नसेल तर तसं सांगायला हवं.

याहून गंभीर ते जिवावर बेतणारे दोष : ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. उष्णता आणि दमट हवेत ते वर्षानुवर्षं बिघडत गेलं. अपघातात बॅग उघडताना धातूचं कवच फुटून त्याचे तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसले, माणसं दगावली. जगभरातून कोट्यवधी गाड्या परत बोलावाव्या लागल्या, त्यांत भारतातल्याही होत्या. कंपनीने अशी परत बोलावणी केली की दुरुस्ती मोफत असते. बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकला की आपली गाडी त्यात आहे का, ते कळतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम ११०-अ आलं. आता धोकादायक दोषाच्या गाड्या परत घेण्याचा आदेश केंद्र सरकारही देऊ शकतं.

पण दोष तुमच्या एकट्याच्या गाडीत असेल तर?

अमेरिकेत यासाठी ‘लेमन लॉ’ आहेत. कनेक्टिकट राज्याने पहिला कायदा १९८२ साली केला, कॅलिफोर्नियानेही त्याच वर्षी नियम पक्के केले. कॅलिफोर्नियातला आकडा ऐकण्यासारखा आहे. गाडी घेतल्यापासून १८ महिने किंवा १८ हजार मैल, म्हणजे साधारण २९ हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर कंपनीकडून एकाच दोषाची दुरुस्ती चारदा करून घेतली आणि तरी तो गेला नाही. किंवा दोष जिवाला धोका करणारा आहे आणि दोनदा दुरुस्ती फसली. किंवा दुरुस्तीसाठी गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त अडकून पडली, तर कंपनीला पुरेशी संधी मिळाली असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे दाखवणं मग कंपनीचं काम. गाडी बदलून दिली जाते किंवा पैसे परत मिळतात. ग्राहक जिंकला तर त्याच्या वकिलाची फीही कंपनीने द्यायची. सान होजे-फ्रीमाँटकडे राहणारे आपले मराठी नातलग हा हक्क सहज वापरू शकतात.

आपल्याकडे असा आकडा नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा आहे, १९८६ चा जाऊन २०१९ चा आला आणि जुलै २०२० मध्ये लागू झाला. दोष काढून देणं, वस्तू बदलून देणं, किंमत परत करणं, भरपाई देणं हे सगळे आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो. कायदा कमजोर नाही. अडचण आहे ती सिद्ध करण्याची. गाडीत उत्पादनातला दोष आहे, हे सहसा ग्राहकालाच दाखवावं लागतं. आणि वॉरंटीच्या कागदावर बहुधा सदोष भाग बदलून देण्याचीच हमी असते. मारुतीच्या एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं : हमी भागाची असेल तर भाग मिळेल, अख्खी गाडी नाही.

म्हणून सगळं येऊन थांबतं एका कागदावर. तो म्हणजे जॉब कार्ड, गाडी वर्कशॉपमध्ये देताना आपण ज्यावर सही करतो तो.

सकाळी साडेनऊला वर्कशॉपच्या काउंटरवर काय होतं ते पाहा. तुम्ही सांगता, दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना गाडी हिसका देते, गरम झाल्यावर जास्त. सर्व्हिस अॅडव्हायझर मान डोलावतो आणि टॅबवर टाईप करतो, ‘जनरल चेकअप’. तुम्ही सही करता. संध्याकाळी गाडी धुऊन मिळते, ‘साहेब, ओके आहे, या मॉडेलला थोडं होतंच’. असं पाचदा झालं तरी कागदावर तुमची गाडी पाच वेळा नुसती तपासायला आली होती. वर्षभराने आयोगापुढे कंपनीचा वकील हेच कागद दाखवतो आणि विचारतो, हिसक्याची तक्रार कुठे आहे?

तेव्हा सही करण्याआधी वाचा. तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, मराठीत लिहिली तरी चालेल. गाडी किती किलोमीटर चालली आहे, कोणत्या तारखेला आत गेली आणि कोणत्या तारखेला बाहेर आली, हे कागदावर हवं. ‘दोष आढळला नाही’ असं ते म्हणाले, तर तेही लेखी घ्या. मोबाइलवर व्हिडिओ काढा, आणि त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल करा. फोनवरचं बोलणं हवेत जातं.

दुसरी सावधगिरी डिलिव्हरीच्या आधीची. गोव्यातलं एक प्रकरण २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. ग्राहकाने २०११ च्या मॉडेलचे पैसे भरले होते, त्याला मिळाली २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली गाडी. न्यायालयाने गाडी बनवणाऱ्या टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळं केलं, कारण विक्रेत्याने परस्पर केलेल्या गोष्टीची कंपनीला माहिती होती असं सिद्ध झालं नाही. ग्राहकाच्या हातात उरला तो विक्रेता. म्हणून मुहूर्ताच्या दिवशी गर्दीत गाडी पाहू नका. नोंदणी होण्याआधी, दिवसाउजेडी, यार्डात जाऊन पाहा. किलोमीटरचा आकडा, खालचा पत्रा, दारांच्या कडांचा रंग तपासा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. गाडी एकदा तुमच्या नावावर चढली की ती बदलून घेणं कितीतरी अवघड होतं.

निराश होण्याचं मात्र कारण नाही. एका ह्युंदाई क्रेटाला समोरून अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्याच नाहीत. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. धडकेचा वेग आणि जोर यांचं गणित ग्राहकाने मांडावं, अशी अपेक्षाच करता येत नाही, हे न्यायालयाने मान्य केलं. असा दोष स्वतःच बोलतो.

आता तक्रार कुठे करायची? पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथेच चालतं. कंपनी चेन्नईची असो की गुरुग्रामची, तुम्ही सांगलीत राहत असाल तर सांगलीतच तक्रार करा, तो हक्क २०१९ च्या कायद्याने दिला आहे. ५ ते १० लाखांच्या गाडीला फी २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००. ई-जागृती पोर्टलवरून घरूनही अर्ज करता येतो. विक्रेता आणि कंपनी, दोघांनाही प्रतिवादी करा. तज्ज्ञाच्या तपासणीची मागणी सुरुवातीलाच करा. आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, ती ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ या आश्वासनांत घालवू नका.

टॅक्सी किंवा टेम्पो चालवणाऱ्यांना ‘तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही’ असं सांगून परत पाठवतात. ते ऐकून घेऊ नका. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेल्या गाडीचा मालक कायद्याने ग्राहकच आहे, आणि गाडी बंद पडली तर त्या दिवशी त्याच्याच घरची कमाई थांबते.

निकालाची मुदत कायद्यात तीन महिने आहे, वस्तू तपासावी लागली तर पाच. प्रत्यक्षात प्रकरणं वर्षानुवर्षं चालतात, आणि तोवर हप्ते ग्राहकच भरतो. म्हणून आपल्याही कायद्यात आकडा यायला हवा : इतक्या दुरुस्त्या, इतके दिवस, त्यानंतर गाडी परत. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी आणि आपल्या खासदारांनी ही मागणी लावून धरावी, असं मला मनापासून वाटतं. तोपर्यंत ज्यांची गाडी आज वर्कशॉपमध्ये उभी आहे, त्यांनी उद्या सकाळी जाऊन आजवरच्या सगळ्या जॉब कार्डांच्या प्रती मागून घ्याव्यात.