माकड मेलं तर आधी कोणाला दिसतं?

(जळकोट येथे प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



बचत, कर्ज, हप्ता हे विषय आपल्या दर बैठकीला असतातच. आज मी तापाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, तापाचं डॉक्टर बघतील. पण काही तापांची सुरुवात आपण जमिनीचं काय करतो तिथून होते, म्हणून हा विषय आपलाही आहे.

तळकोकणात सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुका आहे. २०१६ साली तिथं माकडताप आला, पुढं बांदा भागातही पसरला. त्याच्या आदल्या वर्षी शेजारी गोव्यात सत्तरी तालुक्यात रुग्ण सापडले होते. हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला १९५७ साली, कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात.

नाव माकडाचं असलं तरी तो पसरवते गोचीड. जंगलात ती पूर्वीही होतीच. मग माणसापर्यंत आली कशी? जंगल तोडून मधे शेतं आणि काजूच्या बागा झाल्या. मोकळ्या जागेत घाणेरीची झुडपं माजली, उंदीर-घुशी वाढल्या. गुरं त्या कडेला चरायला जाऊ लागली आणि त्यांच्या रक्तावर गोचिडं पोसली. माकडं, गुरं, माणसं एकाच कडेला आली. गोचिडीचं पिल्लू खसखशीएवढं असतं, चावलं तरी कळत नाही. हा ताप माणसापासून माणसाला लागत नाही. तो लागतो काजू वेचणाऱ्याला, सरपण आणणाऱ्याला, वाळका पाला गोळा करणाऱ्याला. म्हणजे बहुतेक वेळा बाईलाच, नाही का?

माणसं आजारी पडायच्या आधी बऱ्याचदा जंगलात माकडं मरतात. ते मेलेलं माकड आधी कोणाला दिसतं? रानात जाणाऱ्या बाईला. तिनं वेळेवर सांगितलं आणि कोणी ऐकलं, तर गाव सावध होतं.

आपल्या भागात माकडताप नाही, घाबरायचं कारण नाही. पण जमीन बदलली की आजार बदलतो, हे आपणही बघितलंय. ऊस वाढला, बोअर खोल गेले, पाऊस कमी झाला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते आठवा. पाणी पुरवून वापरायचं म्हणून घरोघरी ड्रम, टाक्या, रांजण भरून ठेवायची सवय लागली. डेंग्यूचा डास घाण पाण्यात नाही, अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. दुष्काळ असा तापाच्या रूपानं घरात येतो. एक जण दवाखान्यात गेला की गटाचा हप्ता थकतो, हे तर तुम्हाला सांगायला नकोच.

माझी सासू म्हशीची गोचिडं हातानं ओढून नखानं चिरडायची. मीही तेच शिकले. आता सोडलंय. तुम्हीही सोडा. गोचिडं फार झाली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून औषध लावा.

आठवड्यातला एक दिवस ठरवा. त्या दिवशी भांडी रिकामी करायची, घासायची, कोरडी करायची. टाकी रिकामी होत नसेल तर झाकण घट्ट लावा, फट राहिली तर कापड बांधा.

रानातून आलं की अंग नीट बघा, कपडे बदला, आंघोळ करा. ताप आला तर डॉक्टरला नुसतं "ताप आहे" म्हणू नका. कुठं कामाला गेला होतात, काय चावलं, तेही सांगा. रानात जनावरं, माकडं मेलेली दिसली तर हात लावू नका, आशाताईला कळवा.

आणि शेवटचं. गायरान मोडायचं, डोंगराची झाडी तोडायची असा विषय ग्रामसभेत निघतो, तेव्हा गडीमाणसं बोलतात, आपण मागं बसतो. पण चारा-सरपणाला त्या कडेला जायचंय आपल्याला. म्हणून पुढच्या ग्रामसभेत मागं बसू नका. उठून विचारा, "इथली झाडी गेली तर तिथली जित्राबं कुठं जातील, आणि आमची गुरं कुठं चरतील?" एवढं विचारायला शिक्षण लागत नाही, तायांनो. रान माहीत असावं लागतं, आणि ते आपल्याला माहीत आहे.